खैरूनबीचा पुकारा

"बंद कर आधी त्यो कर्णा! म्हस बुजली माझी!"

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरून सयाजी गवळ्याची आरोळी आली, तशी खैरूनबीनं माईकचं बटण बंद केलं आणि टांग्यातूनच उलट विचारलं, "म्हस बुजली का तू बुजलास? माझ्या आवाजावर पान्हा सोडतीया ती."

कट्ट्यावर हशा पिकला. संध्याकाळची वेळ होती. म्हशी रांगेनं उभ्या होत्या. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळतं दूध तसंच पेल्यात द्यायचं, ही तिथली रीत. तालमीतले पैलवान, कचेरीतले कारकून, बाजाराला आलेली खेड्यावरची माणसं, सगळी ओठांवर पांढऱ्या मिशा घेऊन टांग्याकडं बघू लागली.

"आज काय? शिनिमा का सर्कस?" सयाजीनं विचारलं.

"आज काय इकाय आलो न्हाय. आज मागाय आलोय," ती म्हणाली आणि बटण पुन्हा दाबलं. "ऐका हो कोल्हापूरकर! आपल्या गावात दरसाल सरकारची नाटकांची स्पर्धा हुती. थेटराचं भाडं सरकार देतंय, लाईटीचं सरकार देतंय, तवा कुठं एसटीतला कंडक्टर आन् कारखान्यातला फिटर स्टेजवर हुबा ऱ्हातोय. आता मुंबईत चाललंय, की कोल्हापूरचं केंद्र बंद करायचं! का? तर म्हणं कोल्हापूरकर कुस्तीला जात्यात, शिनिमाला जात्यात, नाटकाला कुणी येत न्हाय! रविवारी मुंबईचं सरकारी सायब सोता बगाय येणार हाईत. सांजच्याला पेटाळ्याच्या मैदानावर सभा हाय. झाडून सगळी या! बायकापोरांस्नी घेऊन या! बसायला आपापलं आणा! लवकर या, जागा धरून बसा!"

दूध पिऊन पेला खाली ठेवणारा एक पटकेवाला पुढं आला. नेसरीकडचा होता. "बाई, सरकारनं नाटकाला पैसं कशाला द्यायचं म्हन्तो मी? आमच्याकडचा रस्ता करा म्हणावं की."

"रस्ता व्हायलाच पायजे, पावणं. पर त्या रस्त्यानं सांजचं यायचं कुठं? सयाजीची म्हस बगाय?"

पावणाही हसला. त्याला पटलं मात्र नसावं, कारण जाता जाता त्यानं रस्त्याचं पुन्हा एकदा बोलून घेतलं. टांगा हाकणारा चमन, खैरूनबीचा दीर, त्यानं लगाम सैल केला आणि टांगा पंचगंगेच्या अंगाला वळला.

खैरूनबी नदाफ हे नाव त्या काळी सांगून कुणाला कळलं नसतं, पण तिचा आवाज सगळ्या गावाला ठाऊक होता. सिनेमा बदलला, खासबागेत मोठी कुस्ती लागली, देवळाच्या गर्दीत पोर चुकलं, उद्या नळाला पाणी नाही, सगळं गाव तिच्या तोंडून ऐकायचं. हे काम मूळचं तिच्या नवऱ्याचं, महंमदचं. तो छातीच्या दुखण्यानं गेला. इद्दतीचे, विधवेनं घरातच बसायचे, दिवस सरले आणि खैरूनबी दिराला म्हणाली, "चमन, घोडं जुप." चमनला वाटलं, भाभी माहेरी निघाली. ती मागं कर्ण्याशेजारी जाऊन बसली आणि तिनं माईक हातात घेतला. डोक्यावरचा पदर दातात धरलेला. पदर दातात होता तोवर शब्द फुटेना. कोपऱ्यावर टांग्याला हिसका बसला, पदर सुटला आणि त्याबरोबर आवाजही सुटला.

पहिले काही महिने लोक दारात येऊन बघायचे. बाई रस्त्यानं ओरडत जाते, ही बघण्याचीच गोष्ट होती. टवाळ पोरं टांग्यामागून पळायची. एका म्हाताऱ्यानं तोंडावर विचारलं, "बाई, ह्यो आवाज हाय का गिरणीचा भोंगा?" ती म्हणाली, "भोंगाच हाय, आजोबा. पर वक्ताला वाजतोय." हळूहळू लोकांना सवय झाली. इतकी, की एखाद्या दिवशी टांगा आला नाही तर बायका एकमेकींना विचारायच्या, पुकारावालीला बरं नाही काय गं?

नाट्यस्पर्धेचे दिवस आले की तिला आणखी एक काम असे. पडदा उघडण्याआधी विंगेत उभं राहून नाटकातल्या माणसांची नावं पुकारायची. हेही महंमदकडून आलेलं. तिला वाचता जेमतेम यायचं, म्हणून ती नावं दुपारीच कुणाकडून तरी म्हणवून घेऊन पाठ करायची, आणि एकदा पाठ झालेलं तिच्या डोक्यातून जात नसे. सिनेमातल्या माणसांची नावं पानपट्टीवाल्यालाही माहीत असतात. ही माणसं गावातलीच, रोज भेटणारी. त्यांची नावं अशी वर्षातून एकदा घेतली जायची. खैरूनबी ती सावकाश घ्यायची, प्रत्येकाला त्याचा त्याचा श्वास देऊन.

त्या वर्षी स्पर्धा तिच्या घरातच येऊन बसली होती. तिची मुलगी नजीरा टेलिफोन ऑफिसात कामाला होती. तिथल्या मंडळींनी नाटक बसवायला घेतलं आणि नजीराला त्यात मोठी भूमिका मिळाली. ही बातमी कबनूरला पोचायला वेळ लागला नाही. खैरूनबीचा थोरला भाऊ इलाही तिथं यंत्रमाग चालवायचा. माग बंद ठेवून तो पहिल्या एसटीनं आला आणि दारातच सुरू झाला.

"तू टांग्यात बसून आरडतीस तेवढं पुरं झालं न्हाय व्हय? आता पोरगी तोंडाला रंग फासणार?"

"भाईजान, पोरगी टेलिफोनात बसून आख्ख्या गावासंगं बोलतीया. तवा न्हाय आलास इचाराय."

"तिथं तोंड दिसत न्हाय."

"मंग आता दिसू दे की. चांगलं हाय तोंड. माझ्यावर न्हाय गेलं."

इलाहीला हसू आवरेना, पण हसला म्हणून सोडलं असं झालं नाही. चहा पिऊन झाल्यावर त्यानं अट घातली. नाटक संपलं की पोरगी रात्री घरात आली पाहिजे. परगावी मुक्काम नाही. नाहीतर भाऊ मेला समज. खैरूनबीनं कबूल केलं. थिएटर टांग्यानं पाच मिनिटांवर होतं, कबूल न करायला काय झालं?

आणि मग ती बातमी आली. कोल्हापूरचं केंद्र बंद करायचं घाटतंय, इथल्या संघांनी हवं तर पुण्याला जाऊन नाटक करावं. पुरुषमंडळी कशीही गेली असती, धर्मशाळेत झोपली असती. बायकांचं काय? टेलिफोन ऑफिसच्या नाटकात तिघी होत्या. दोघींनी दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं, घरचे सोडणार नाहीत. नजीरा कामावर गेली, कामावरून आली, आणि तांदूळ निवडता निवडता भिंतीकडं तोंड करून आपली वाक्यं म्हणू लागली.

खैरूनबी बघत राहिली. "आता कशाला पाठ करतीस?"

"पुण्याला न्हाय जाता येत, म्हणून इसरू काय?" नजीरानं ताटातला खडा टिपून बाजूला टाकला.

खैरूनबीनं चपला घातल्या आणि ती हंबीरराव वकिलांकडं गेली.

हंबीरराव गावातल्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष. सज्जन माणूस, पण त्यांची धाव अर्ज-विनंत्यांपर्यंत. त्यांनी बचाव समिती काढली, मुंबईला तारा केल्या, आणि साहेब प्रत्यक्ष येऊन बघणार एवढं पदरात पाडून घेतलं. त्यांच्या मनात होतं ते असं: चांगले पंचवीसेक प्रतिष्ठित नागरिक जमवावेत, साहेबांना फेटा बांधावा, निवेदन द्यावं. पुकारायचा मजकूरही त्यांनीच सांगितला होता. त्यात नाट्यरसिक, सांस्कृतिक वारसा, नम्र आवाहन असे शब्द होते. खैरूनबीनं तो ऐकून घेतला आणि टांग्यात बसल्यावर चमनला म्हणाली, "ह्यो महाद्वार रोडच्या शिकलेल्यांस्नी पोचंल. दुधाळीच्या गल्लीबोळात न्हाय पोचायचा." मग आठवडाभर ती आपल्याच शब्दांत बोलली. पेठ सोडली नाही, गल्ली सोडली नाही, कसबा बावड्यापर्यंत जाऊन आली. घसा बसला की चमन टांगा थांबवून कुणाच्या तरी दारातून पाणी मागून आणायचा.

रविवारी टांगा पेटाळ्याच्या मैदानात शिरला तेव्हा तिला आधी वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कशात आलो. मैदान भरलं होतं. पोती, चटया, घोंगडी अंथरून बायका पोरांसकट बसल्या होत्या. जाग्यावर दगड ठेवून माणसं पान खायला गेली होती. चिरमुरे, भुईमुगाच्या शेंगा, पाण्याच्या कळश्या. अगदी पुढं धोंडुबाई फुलवाली दोन नातवंडांना मांडीवर घेऊन पक्की बैठक मारून होती.

"खैरू, पडदा कुठल्या अंगाला बांधणार गं? हितनं पेटीवाला दिसंल न्हवं?"

"कसला पडदा, मावशी?"

"नाटकाचा! तूच सांगत फिरालीस की. बायकापोरांस्नी घेऊन या, जागा धरून बसा. सभंला कुणी बायकापोरांस्नी बोलावतंय व्हय?"

इतकी वर्षं नाटक-सिनेमाच्या पुकाऱ्याला जे शेपूट लावायची सवय, ते तिनं या सभेलाही लावलं होतं. तिनं चमनकडं पाहिलं.

"परत्येक चौकात तेच म्हणालीस," चमन घोड्याच्या कानाकडं बघत म्हणाला. "मला वाटलं, मुद्दाम म्हणालीस, भाभी."

तोवर मंचावर साहेब आले होते. साधा बुशशर्ट घातलेले, प्रवासानं दमलेले, भले गृहस्थ. हंबीरराव बोलायला उभे राहिले आणि पहिल्या चार वाक्यांतच मैदानाला कळलं, की आज पडदा उघडणार नाही. आधी कुजबुज, मग शिट्ट्या.

"भाषान बास! नाटक लावा!"

"फसवलं रं!"

"पोरांस्नी उपाशी घेऊन आलोय आमी!"

एक शेंगांची पुडी उडत येऊन मंचावर फुटली. मागच्या बायका पोती झटकून उठायला लागल्या. हंबीरराव घाम पुसत मंचाच्या कडेला आले. "बाई, हे काय करून ठेवलंत! साहेबांसमोर मैदान रिकामं झालं, तर संपलंच सगळं."

खैरूनबीला नजीरा दिसली. डाव्या बाजूला ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. खैरूनबी मंचावर चढली. तिला तिथं चढायला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं हंबीररावांच्या समोरचा माईक काढून घेतला.

"बसा खाली!"

रोजचा आवाज. तो ऐकून उठलेली माणसं सवयीनं बसली.

"चूक माझी हाय. सभा म्हणायचं हुतं, पर शेपूट नाटकाचं लागलं. जीभच तसल्या वळणाची. मला शिव्या द्यायच्या त्या उद्या घरी येऊन द्या, च्या करून घालतो. आज नाटक न्हाय. आन् ह्या सायबांच्या मनात आलं न्हाय, तर फुडंबी न्हाय."

मैदान जरा शांत झालं.

"नाटकवाली माणसं बगाय आलायसा न्हवं? मग बगा की. तुमच्यातच बसल्यात." तिनं श्वास घेतला. "ज्ञानू तोडकर! एसटीत कंडक्टर. चार सालामागं म्हातारा राजा झालता. कुठं हाईस? हुबा ऱ्हा!"

कुणी हललं नाही. मग मधेच एक खाकी कपड्यातला माणूस लाजत लाजत उठला.

"आरं, ह्यो राजा?" कुणीतरी ओरडलं. "ह्यानं काल मला सुट्टं दिलं न्हाय!"

"राजं सुट्टं ठेवत न्हाईत," खैरूनबी म्हणाली आणि सगळं मैदान हसलं. हसणं ओसरायच्या आत तिनं पुढचं नाव घेतलं. "बाळासो लोहार! उद्यमनगरात, फौंड्रीत. मुका भाऊ झालता. तीन अंक एक अक्षर बोलला न्हाय आन् थेटर रडवलं."

बाळासो उठला. शेजारून त्याची आई ओरडली, "घरातबी बोलत न्हाय त्यो!"

"तानाबाई कुंभार! म्युन्शिपालटीच्या शाळंत बाई. झाशीवाली झालती, खरी तलवार घेऊन." पोरांचा एकच गलका झाला, आमच्या बाई, आमच्या बाई! आणि त्या गलक्यात एक सावळी, चष्मेवाली बाई पदर सावरत उभी राहिली.

आता नाव घेतलं की माणसं माना उंचावून शोधू लागली. शिंपी उठला, पोस्टमन उठला, कसबा बावड्याच्या साखर कारखान्यातला वजनकाट्यावरचा कारकून उठला. ज्याच्या शेजारचा उठे, तो त्याच्याकडं असा बघे, की जणू हा शेजारी आजच भेटला. खैरूनबी भरात आली होती. कोणत्या साली कोण काय झालं होतं, सगळं तिच्या तोंडून धारेसारखं येत होतं.

"बनाबाई सुतार! सरकारी दवाखान्यात नर्स. खाष्ट सासू झालती, आन् खऱ्या सुनंनं—"

ती थांबली. बनाबाई उन्हाळ्यात गेली होती. ती स्वतः मातीला जाऊन आली होती, आणि तरी वाहत्या जिभेनं नाव घेतलं गेलं होतं. मैदानातल्या पुष्कळांना ते ठाऊक होतं. माईक नुसता खरखरत राहिला.

तेवढ्यात मागच्या बाजूला, झाडाखाली बसलेला एक म्हातारा उठला. आकाराम सुतार, बनाबाईचा नवरा. बायकोनं नाटकात काम करावं हे त्याला कधी आवडलं नव्हतं, आणि थिएटरची पायरी तो कधी चढला नव्हता. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"हाय," तो म्हणाला. "बोल फुडं."

खैरूनबीनं पदर सावरला, पुढचं नाव आठवलं. मग घेतलं.

साहेब खुर्चीतून उठून मंचाच्या कडेपर्यंत आले होते. "बाई, अशी एकूण किती माणसं आहेत?"

"मोजली न्हाईत, सायब. दरसाल नवी येत्यात. बंद केलं की न्हाय येणार."

"मला सांगितलं होतं, इथं नाटकाला कुणी येत नाही."

खैरूनबी काही बोलायच्या आत पुढून धोंडुबाई म्हणाली, "पोती घेऊन आलोय की आमी! नाटक तुमीच आणलं न्हाईसा!"

साहेब हसले. फेटा बांधून घ्यायचं ते विसरूनच गेले.

काही आठवड्यांनी उत्तर आलं. यंदा केंद्र कोल्हापूरलाच राहील. हंबीरराव 'यंदा' या शब्दापाशी घुटमळले. खैरूनबी म्हणाली, "यंदा तर यंदा. फुडच्या साली घोडं हाय, मी हाय."

टेलिफोन ऑफिसच्या नाटकाच्या दिवशी थिएटरच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. इलाही कबनूरहून आला होता, धुतलेली टोपी घालून. अट पाळली जाते की नाही हे बघायला आलोय, असं त्यानं दोनदा सांगितलं. खैरूनबी विंगेत उभी राहिली. समोर अंधारात बसलेल्या माणसांची कुजबुज पडद्यातून येत होती. तिनं नावं घ्यायला सुरुवात केली. पाचवं नाव नजीराचं होतं. नजीरा चार हात अंतरावर उभी होती, चेहऱ्याला रंग लावून, भलत्याच कुणाची तरी मुलगी दिसत होती. खैरूनबीनं नाव घेतलं, "नजीरा महंमद नदाफ," आधीच्या चौघांच्या नावांइतकंच सावकाश, तेवढ्याच आवाजात. मग सहावं घेतलं.

तिसरी घंटा झाली. माईक बंद करून ती बाजूच्या दारानं बाहेर आली. दाराशी इलाही घुटमळत होता.

"कुठं चाललीस? पडदा उघडला की."

"शिनिमाचा खेळ सुटायचा वकत झाला, भाईजान. माणसं भाईर पडताना गाठावी लागत्यात. उद्या बावड्याच्या कारखान्यातल्या मंडळींचं नाटक हाय."

"अगं, आज पोरीचं हाय!"

"व्हय. आन् उद्या त्यांच्या पोरांचं हाय." तिनं त्याला खांद्याला धरून दाराकडं वळवलं. "तू बस जा आत. नीट बग. मंग मला सगळं सांग."

स्पर्धेत हे दरवर्षीच व्हायचं. तिसऱ्या घंटेनंतर ती उद्याच्या नाटकाचा पुकारा करायला बाहेर पडायची, आणि आत काय झालं ते दुसऱ्या दिवशी लोकांच्या तोंडून ऐकायची. इतक्या वर्षांत तिनं एकही नाटक पुरतं पाहिलं नव्हतं, आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

चमननं टांगा थिएटरच्या मागच्या बोळातून काढला. वरच्या झरोक्यांतून एकदम हशा बाहेर आला, मोठा, सगळ्या थिएटरचा. चमननं आपोआप लगाम ओढला. घोडं थांबलं. हशा ओसरला, आणि मागोमाग एक बारीक, ठसठशीत आवाज काहीतरी म्हणाला. शब्द कळले नाहीत.

खैरूनबीनं डोळे मिटून घेतले होते. माईक तिच्या मांडीवर होता. आत नाटक चालू असताना कर्णा वाजवायचा नाही, एवढं ती कटाक्षानं पाळायची.

"चल," ती म्हणाली.

टांगा बोळ ओलांडून रस्त्याला लागला. थिएटरच्या भिंतीचं टोक मागं पडलं, तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं, घसा खाकरला आणि बटण दाबलं.